मालखान्यातली बरणी

ती घटना आजही आठवते, आणि आठवते ती परटाच्या गठ्ठ्यामुळे. ऐंशी साल उलटून गेले होते. मी कोल्हापुरातल्या एका ठाण्याचा प्रमुख होतो आणि हद्दीतल्या चौकांची वाहतूकही माझ्याच हाताखाली होती. पोलीस लाईनीतल्या वाहतूक शिपायांचे पांढरे सदरे एकच परीट धूत असे. तो एकदा मला म्हणाला, "सायेब, कुणाची ड्यूटी कुठं हाय त्यासाठनं मला रजिस्टर बघाय लागत न्हाय. कॉलर बघितली की कळतंय. रंकाळ्याकडचा सदरा नुसता घामेजतोय, राजारामपुरीतला पिवळा पडतोय, आन् स्टँडावरचा भिजवला की पाणी शाईगत काळं!"

मी हसलो. पोलिसाला जिथे हसू येते तिथेच बहुधा पुरावा पडलेला असतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

त्याच वर्षी एका कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी सरकारी खर्चाने शहराची हवा तपासायला घेतली. पद्धत साधी होती. रुंद तोंडाच्या काचेच्या बरण्यांत शुद्ध पाणी घालून त्या महिनाभर उघड्यावर ठेवायच्या आणि आत साचेल ती धूळ, काजळी वजन करायची. जागा चार: एस.टी. स्टँडजवळचा चौक, राजारामपुरीतली दुकानांची रांग, एका इस्पितळाचे फाटक आणि घरांची एक शांत वसाहत. उद्घाटन चौकात झाले. पुढारी आले, बरणीला हार घातला, नारळ फुटला. पाहुण्यांच्या कपड्यांवर धूळ बसू नये म्हणून सकाळी टँकरने रस्ता धुतला होता आणि वाहने दोन तास दुसरीकडून वळवली होती. हवा मोजण्याच्या समारंभासाठी हवा साफ केलेली मी प्रथमच पाहिली. बंदोबस्त अर्थात माझा.

बरणी चौकातल्या पोलीस चौकीच्या छपरावर ठेवली आणि तिच्यावर लक्ष ठेवण्याचा लेखी हुकूम तिथल्या हवालदाराला दिला. महिना संपायला दोन दिवस उरले असताना, भर दुपारी, ती नाहीशी झाली.

प्राध्यापक घामाघूम होऊन ठाण्यात आले. "साहेब, बाकीच्या तिन्ही बरण्यांत काय निघेल ते मी आजच सांगू शकतो," ते म्हणाले. "मला हीच हवी होती."

फिर्याद दाखल झाली. लोणच्याला बरणी हवी म्हणून कोणी नेली असेल, असे ठाणे अंमलदाराचे मत पडले. दोन भंगारवाले आणून बसवले, संध्याकाळी सोडले. हवालदाराचा जबाब मी स्वतः घेतला. "जेवाय गेलतो सायेब. आलो तर बरणी न्हाई." एवढ्या दोन वाक्यांत तो तीनदा खोकायला थांबला. तरुणपणी तालमीत घुमलेला गडी, छाती दरवाज्यासारखी. खोकला हे वेळ काढण्याचे जुने साधन आहे, असे मी मनात टिपून ठेवले.

तिसऱ्या दिवशी परीट कपडे घेऊन घरी आला आणि गठ्ठा ठेवून तिथेच घुटमळला.

"सायेब, सांगू नये, पर सांगतो. ती तुमची बरणी हवालदाराच्या घरात हाय. कोनाड्यात. वर पांढरा हातरुमाल बांधलाय. देवागत ठेवलीया."

मी हवालदाराला बोलावून दार लावून घेतले. "हवालदार, बरणी कुठे आहे?"

"घरात हाय, सायेब."

पोलिसाची चौकशी लवकर उरकते. पुढचे प्रश्न त्याला पाठ असतात.

"नेली कशाला?"

"डागदराला दावाय."

चौकातून बदली मिळावी म्हणून त्याने वर्षभरात तीन अर्ज केले होते. धाप लागते, रात्री आडवे होता येत नाही, कोणतीही दुसरी ड्यूटी द्या, एवढाच मजकूर. तिन्हींवर मी 'वैद्यकीय दाखला जोडावा' असा शेरा मारून कागद परत केले होते. माणूस एकदाही समोर उभा केला नव्हता.

"डागदरानं एकच इचारलं, दिवसाला बिड्या किती," हवालदार सांगू लागला. "म्हणलं, तालमीतला माणूस मी, उभ्या जन्मात बिडीला हात लावला न्हाय. तर हसला. म्हणला, समदी असंच म्हणत्यात. आन् लिवलं, बिडी सोडावी." खोकल्याची उबळ ओसरेपर्यंत तो टेबल धरून उभा राहिला. "मग म्हणलं, ही बरणी महिनाभर माझ्यासंगंच उभी हाय. ट्रकांचा, रिक्षांचा धूर दोघांनी मिळून खाल्लाय. हिला तर कुणी बिडी दिली न्हाय न्हवं? ही बघा म्हणावं."

"मग दाखवली?"

"डागदर रजेवर. सोमवारी येणार हाय. दावून परत ठेवणार हुतो, सायेब."

तो शुक्रवार होता. मला सोमवारपर्यंत थांबता आले असते. मी दोन पंच बोलावले. पंचनामा झाला, बरणीला कापड बांधून लाखेचे सील लागले आणि ती मुद्देमाल म्हणून मालखान्यात गेली. आपल्याच माणसाला सवलत दिली नाही, याचा मला त्या दिवशी थोडा अभिमानही वाटला.

प्राध्यापक धावत आले. "माझी तक्रार नाही, पण बरणी द्या. पाणी आटून जाईल, अहवालाची मुदतही निघून जाईल."

"कोर्टाचा हुकूम आणा," मी म्हणालो. त्यांनी अर्ज केला. तारखा पडत गेल्या. हवालदार निलंबित झाला. चौकातून त्याची सुटका माझ्या हातून झाली ती अशी.

काही महिन्यांनी अहवाल प्रसिद्ध झाला. पुन्हा हार, पुन्हा माझा बंदोबस्त. तक्त्यात तीन जागांपुढे आकडे होते. चौकापुढे लिहिले होते, 'नमुना उपलब्ध नाही'. उरलेल्या तिन्हींची सरासरी काढून पाहुण्यांनी शहराची हवा समाधानकारक असल्याचे जाहीर केले. टाळ्या झाल्या.

खटला उभा राहण्याआधीच हवालदार गडमुडशिंगीला, आपल्या गावी वारला. मी त्याच्या घरच्यांना भेटायला गेलो. त्याच्या बायकोने घोंगडे अंथरले, पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. मग ती म्हणाली, "सायेब, त्यो सोमवार तेवढा जाऊ द्याचा हुता की."

मी तांब्यातले पाणी प्यायलो आणि उठलो.

त्यानंतर बदलीचा अर्ज आला की मी आधी माणसाला समोर बसवू लागलो, दाखला मागाहून. स्टँडच्या चौकात कोणालाही सलग महिनाभर ठेवले नाही. उशिरा आलेले शहाणपण आमच्या बंदोबस्तासारखेच असते, घटना घडून गेल्यावर जागेवर हजर.

आरोपी मयत म्हणून प्रकरण बंद झाले. मुद्देमाल फिर्यादीला परत करायची यादी माझ्या सहीसाठी आली. कारकुनाने लिहिले होते, 'काचेची बरणी, एक, रिकामी.' मी ती मागवून सील तोडले. पाणी आटले होते. तळाला काळा थर बसून उन्हाळ्यातल्या तळ्यासारखा भेगाळला होता. बोट फिरवले तर बोट काळे झाले. तो थर आता कोणत्याही तक्त्यात बसणार नव्हता, कोणत्याही डॉक्टरला दाखवून उपयोग नव्हता.

मी यादीतला 'रिकामी' हा शब्द खोडला, वर 'आत काजळी' असे लिहिले आणि बाजूला सही केली. त्या प्रकरणात माझ्या हातून झालेली दुरुस्ती तेवढीच.