गिऱ्हाइकाची साडी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सांगायला जवळचं कुणी नव्हतं असंही म्हणता येईल — पण ती सबब झाली, आणि सबबी द्यायच्या नाहीत असं ठरवूनच बसले आहे. तुम्ही फक्त ऐका. ऐकून मला काही म्हणायची गरज नाही.

सुरुवात कुठून करू? साडीपासून केली तर तुम्हाला वाटेल, एवढंसंच होय. माणसापासून करायला गेले तर शब्द अडतात. म्हणून आधी माझ्या वेडाबद्दल सांगते.

माझे वडील रत्नागिरीतल्या एका जुन्या थिएटरात दारावर असायचे. तिकिटं फाडून लोकांना आत सोडायचं काम. ते थिएटर केव्हाच पडलं. सुट्टीच्या दिवशी सकाळच्या खेळाला जुने कृष्णधवल सिनेमे लागत, आणि मी वडिलांचा डबा घेऊन गेले की दाराच्या काळ्या पडद्याआड उभी राहायची. गोष्ट मला क्वचितच कळायची, कारण सुरुवात कधी बघितलेलीच नसायची. पण त्या बायका! जिना उतरताना पदर एका बोटावर तोलून धरणाऱ्या, मान जराशी तिरकी करून बघणाऱ्या. त्यांच्या ब्लाऊजचा गळा कसा, बाही कुठे संपते, अंबाडा किती उंच — सगळं मला पाठ. माझ्या मैत्रिणी नायकाच्या प्रेमात पडायच्या. मी त्या बायकांच्या पदरांच्या.

पुढे आई गेली, वडील गेले. लग्नाचं जमलं नाही. का नाही, ते सांगत बसत नाही. वेड तेवढं राहिलं. पैसा नसला की माणूस युक्त्या शिकतो. मीही शिकले. रामआळीतल्या दुकानांतून उरलेले तुकडे आणायचे आणि त्यांचे बोट-नेकचे ब्लाऊज शिवायचे. जुन्या पायमोज्यात कापूस कोंबून त्याच्यावर केस गुंडाळले की अंबाडा कसा उंच बसतो! काजळाचं टोक काडेपेटीच्या काडीने ओढायचं. मोत्यांचा सर जत्रेतला, प्लास्टिकचा, पण दोन पदरी. हे सगळं करून मी खोलीतल्या आरशापुढे उभी राहायची — आणि मग उतरवून ठेवायची. जाणार कुठे? बघणार कोण?

मी एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरला होते. दुकानाचं नाव सांगत नाही. कपडे तपासून घ्यायचे, डाग, फाटलेलं काही असेल तर गिऱ्हाइकाला तिथल्या तिथे दाखवायचं, चिठ्ठी द्यायची, हे माझं काम. आतल्या बाजूला इस्त्रीच्या टेबलावर सुनंदाताई.

आता त्यांच्याबद्दल बोलावं लागणार.

सुनंदाताई मूळच्या देवरूखकडच्या. नवरा मुंबईत गिरणीत होता, तिकडेच आजारी पडून गेला. मुलाला त्यांनी इस्त्री धरून शिकवलं. माझ्याहून बऱ्याच मोठ्या, तोंडाने फटकळ, पण डबा उघडला की पहिली भाकरी मोडून माझ्या झाकणात ठेवणाऱ्या. मी नवा ब्लाऊज घालून आले की गरम इस्त्री उभी करून म्हणायच्या, "अगो विजू, वळ बघू. मागून दाव. काय गो दिसतेस!" मला असं वळायला सांगणारं त्या अख्ख्या गावात दुसरं कुणी नव्हतं. हे लक्षात ठेवा. मी लक्षात ठेवलं नाही.

गावात काही जणांनी जुन्या सिनेमांचं एक मंडळ काढलं होतं. निवृत्त प्राध्यापक, डॉक्टरांच्या बायका, एकदोन वकील. महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी वाचनालयाच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवायचे, मग चहा आणि चर्चा. मी पहिल्यांदा गेले ती माझी नेहमीची छापील साडी नेसून. शेवटच्या रांगेत बसले. चहाच्या वेळी एका बाईंनी रिकामा कप माझ्या हातात दिला — मी तिथली कामवाली आहे असं वाटून. मी तो कप नेऊन ठेवला.

पुढच्या खेपेला मी दुकानातून एक साडी घरी नेली. धुऊन, इस्त्री होऊन तयार होती. गिऱ्हाईक बुधवारी येणार होतं. एक संध्याकाळ नेसले, सोमवारी घडी करून परत. कुणाचं काय गेलं? असंच म्हटलं मी स्वतःला. आणि खरं सांगू — त्या संध्याकाळी हॉलमध्ये शिरले तर माना वळल्या. त्याच बाईंनी शेजारची खुर्ची पुढे केली. साड्या कुठून घेता, विचारलं. बहीण दादरला असते, ती पाठवते, म्हणून सांगितलं. मला बहीण नाही.

मग सवयच झाली. दर महिन्याला एक. महिनाभर मी त्या एका संध्याकाळची वाट बघायची. तिथे मला नाव होतं, खुर्ची होती, माझ्या मताला 'अगदी बरोबर' म्हणणारं कुणी होतं. घरी आले की कडीचा आवाज तेवढा. तुम्हाला एकटेपण म्हणजे काय ते माहीत असेल, नसेलही — पण मी त्यावर काही लादत नाहीये. एकट्या बायका पुष्कळ असतात. त्या सगळ्याच माझ्यासारखं वागत नाहीत.

ती साडी वाइन रंगाची होती. शिफॉन, पदरभर बारीक चंदेरी मणी. नवरा बोटीवर असलेल्या एका बाईंची. त्याने परदेशातून आणलेली. भावाच्या लग्नात नेसायची म्हणून स्वच्छ करायला दिली होती. मी काउंटरवर ती उलगडली तेव्हाच माझं ठरलं. धुऊन झाली होती, पण अजून तिला इस्त्री झालेली नव्हती. तेवढाही धीर धरला नाही.

सिनेमा निम्म्यावर आला होता. पडद्यावर एक बाई पियानोला टेकून उभी होती, आणि मी तिच्यासारखीच मान करून बसले होते. खुर्चीवरून जराशी सरकले — आणि पदर मागे कशाला तरी अडकला. खिळा होता. फाटल्याचा आवाज असा आलाच नाही. आवाज आला तो मण्यांचा. अंधारात, फरशीवर, एकामागून एक टपटप पडत आणि खुर्च्यांखाली घरंगळत गेले. शेजारच्या बाई म्हणाल्या, "काय पडलं हो?" मी म्हटलं, "काही नाही." आणि सिनेमा संपेपर्यंत तशीच बसून राहिले. काय बघितलं, आठवत नाही.

घरी येऊन दिव्याखाली धरलं. पदरात वीतभर चीर. मी त्याच रंगाचा दोरा शोधला, कडा जुळवल्या आणि कच्चा धावदोरा घातला. नुसतं बघितलं तर दिसणार नाही, इतकं नीट. शिवणात माझा हात चांगला आहे. ताणलं की सुटेल, हे मला माहीत होतं. आणि कोण ताणणार, तेही माहीत होतं. शिफॉन इस्त्रीला घेतली की सुनंदाताई ती दोन्ही हातांनी हलकेच ताणून टेबलावर बसवायच्या.

माहीत होतं. इथे मला 'चुकून' म्हणता येणार नाही.

सोमवारी सकाळी, त्या यायच्या आधी, मी ती साडी पदर आत करून त्यांच्या टेबलावरच्या गठ्ठ्यात ठेवली. काउंटरला येऊन बसले. चिठ्ठ्या फाडत होते. मग आतून हाक आली. हाक नव्हे — नुसता श्वास कुणीतरी ओढून घ्यावा तसं.

मी गेले. त्या पदर हातात धरून उभ्या होत्या. "विजू, माझ्या हातानं फाटली गो. नुसती ताणली मी. नेहमीसारखीच ताणली." टेबलावर, खाली, मणी सांडले होते. मी वाकून ते गोळा करायला लागले. चिरेच्या कडेला माझा दोरा लोंबत होता. मणी वेचता वेचता तो मी अलगद ओढून काढला आणि मुठीत घेतला.

हे मी केलं. फाटणं घडलं असेल. दोरा मी काढून घेतला.

मालक आले. त्यांनी सुनंदाताईंसमोरच मला विचारलं, "काउंटरवर घेतलीस तेव्हा बघितली होतीस ना? धड होती?"

"हो," मी म्हटलं. "धड होती."

यात एक अक्षर खोटं नव्हतं, बघा. सुनंदाताईंनी मान हलवली. त्या स्वतःच म्हणाल्या, "तिचा काय दोष नाय. माझाच हात लागला." साडीवाल्या बाई दुपारी येऊन फार बोलल्या. लग्न तोंडावर आलेलं, त्यांचंही बरोबर होतं. मालकांना दुकानाचं नाव वाचवायचं होतं. त्यांनी सुनंदाताईंना जायला सांगितलं. ताईंनी भांडण केलं नाही. इस्त्रीची वायर गुंडाळली, टेबलावरचं फडकं झटकून घडी घातलं आणि डबा पिशवीत टाकला.

मी त्यांच्याबरोबर एसटी स्टँडपर्यंत चालत गेले. काहीतरी बोलायला हवं होतं. बोलले मी. म्हटलं, "मी मालकांना खूप सांगितलं हो ताई. एवढ्या वर्षांच्या माणसाला असं काढू नका म्हटलं. ऐकलंच नाही त्यांनी."

मी मालकांजवळ एक शब्द काढला नव्हता. पण ताईंनी भर स्टँडवर माझे दोन्ही हात धरले. डोळे भरून आले त्यांचे. दिवसभरात तेव्हा पहिल्यांदा.

मग मी ते वेड सोडलं असेल, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. थोडे महिने गेले नाही मंडळात. मग पुन्हा गेले. पुन्हा गिऱ्हाइकाची साडी, हिरवी, साधी, मण्यांची नव्हे. बसताना तेवढी खुर्ची आधी हाताने चाचपली. एवढंच काय ते शिकले.

सुनंदाताई देवरूखला मुलाकडे राहायला गेल्या. कुणी इकडे येणारं भेटलं की माझ्यासाठी पिशवी पाठवायच्या — आमसुलं, कुळथाचं पीठ, मे महिन्यात फणसाचे पापड. बरोबर निरोप, विजूला सांगा जेवत जा वेळेवर. मी सगळं घ्यायची. पिठी करून खायची. घास अडकायचा का? पहिल्यांदा अडकला. नंतर नाही. माणसाला कशाचीही सवय होते, याचा मला अजून राग येतो.

गेल्या वर्षी मी देवरूखला गेले. सांगायचं ठरवूनच गेले होते. एसटीत वाक्यं जुळवली होती.

घर छान आहे. पुढे पडवी, मागे चार पोफळी. सून पतपेढीत कामाला. मी पोचले तेव्हा ती कामावर निघायच्या घाईत, ओट्याशेजारी साडीला इस्त्री करत होती. आणि सुनंदाताई कोपऱ्यात स्टुलावर बसून, तिच्याकडे पाठ करून, भाजी निवडत होत्या. मी हसून म्हटलं, "ताई, तुम्ही असताना तिला का करावी लागते?"

सून म्हणाली, "आई इस्त्रीला हातच लावत नाहीत. इथे आल्यापासून एकदाही नाही. रुमालसुद्धा नाही. भीती बसलीय त्यांच्या मनात."

"भीती नाय गो," सुनंदाताई म्हणाल्या. "हातातलं गेलं. आपल्याला कळतं ना. ती साडी फाटली तेव्हाच कळलं, हात आता आपला राहिला नाय. दुसऱ्याच्या वस्तूला लावू नये असा हात."

मग माझ्याकडे वळून सुनेला सांगायला लागल्या, "पण ही तेव्हा माझ्यासाठी मालकांशी भांडली हो. सगळं दुकान गप्प होतं, ही एकटी बोलली. नोकरी गेली असती हिची."

सुनेने इस्त्री बाजूला ठेवली. मला वाकून नमस्कार केला. वाक्यं माझ्या तोंडात होती. सगळी, एसटीत जुळवलेली, ओळीने. सुनंदाताई माझ्याकडे बघत होत्या, त्या स्टँडवर बघत होत्या तशाच. जगात माझ्याकडे तसं बघणारं दुसरं कुणी उरलेलं नाही. आणि ते बघणं मला माझ्याकडेच ठेवायचं होतं.

मी म्हटलं, "त्यात काय एवढं."

त्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. तांदळाची भाकरी, काळ्या वाटाण्याची आमटी. मी दोनदा आमटी घेतली.

अजून त्या आहेत. प्रकृती बरी आहे. फोन केला की लगेच उचलतात. या रविवारीही आम्ही बोललो, बराच वेळ, पावसापाण्याचं.