तिसऱ्या मजल्यावरचा कर्नल

सांगायला जीभ रेटत नाही. पण तुम्ही घरचेच, तेव्हा चहा घ्या आणि माझी फजिती ऐका.

एकादशी होती. रात्री भोईवाड्याच्या देवळात माझे निरूपण, आणि महिनाभर कॉम्प्युटरवर लिहिलेले ते निरूपण भर दुपारी पडद्यावरून नाहीसे झाले. सूनबाईला, मीनलला, ऑफिसात फोन लावला. ती याच विद्येतली.

"अप्पा, सकाळपासून मशीन रखडत होतं का?"

"एक अक्षर उमटेपर्यंत माझी एक जपमाळ होत होती."

"मग मेमरी भरली. अशा वेळी कर्नल पानं उचलून डिस्कवर ठेवतो, लागली की परत आणतो. तीही जागा संपली, की सर्वांत जास्त जागा अडवणाऱ्याला मारतो."

"कर्नल?"

"हो, सगळं त्याच्याच हातात. मीटिंग आहे अप्पा, घरी आल्यावर बघते."

आता तुम्हीच सांगा, शिवाजी पार्कच्या आमच्या इमारतीत कर्नल किती? एकच. लष्करातून निवृत्त, बरोबर आमच्या डोक्यावर. त्यातून गणवेशाने मी लहानपणीच पोळलेलो. संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत पोलिसांनी परळच्या आमच्या खोलीतून वडिलांची भजनांची वही चळवळीची म्हणून उचलली, ती आजतागायत परतलेली नाही.

तडक जिना चढलो.

"कर्नलसाहेब, माझी पाने परत द्या."

"कसली पाने?"

"निरूपणाची. तुम्ही उचलता, असे सूनबाई म्हणाली. जास्त जागा अडवली तर मारताही म्हणे."

त्यांनी मला बसवले, पाणी दिले आणि हळूच विचारले, "अप्पा, आजचा उपवास निर्जळी होता का?"

मीनल घरी येताच ते मला हाताला धरून खाली घेऊन आले. तिच्या बोलण्यातला कर्नल म्हणजे यंत्राच्या आतला, जागा वाटून देणारा कारभारी, हे तिने आम्हा दोघांना समजावले. मग माझ्याकडे वळली.

"लिहून झाल्यावर पडद्यावरची खिडकी बंद करत होता ना?"

"तिच्यात वर विठ्ठलाचा फोटो लावलेला. देवाच्या तोंडावर खिडकी कशी लावू? रोज नवी उघडत होतो."

"अहो अप्पा, म्हणजे सर्वांत जास्त जागा तुम्हीच अडवली होती. पानं आता उद्याच शोधता येतील."

रात्री रिकाम्या हाताने निरूपणाला बसलो. समोर पहिल्याच रांगेत कर्नलसाहेब. विषय तोच, महिनाभर घोटलेला: गरजेपेक्षा अधिक काही अडवून ठेवू नये.

मी ते वाक्य उच्चारले मात्र, कर्नलसाहेब उठले, देवळाची एक उघडी खिडकी आवाज न करता लावली आणि हात जोडून पुन्हा जागेवर येऊन बसले.