ताडपत्रीचा मुकादम

त्याचं खरं नाव त्याच्या आईला तरी आठवत असेल की नाही, शंकाच आहे. सगळे त्याला भोंगा म्हणायचे. शाळेत बाई म्हणायच्या, "तू घरी बसून हजेरी दिलीस तरी मला ऐकू येईल." लग्नाच्या वरातीत वाजंत्री थकले तर याला पुढे करायचे. गळ्याची ही देणगी, पण तिचा उपयोग काय, ते चाळिशी जवळ येईपर्यंत कुणाला कळलं नव्हतं. मग त्याला बेसबॉलच्या मैदानावर काम मिळालं, आणि कळलं.

बेसबॉल ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी एवढंच सांगायला हवं की या खेळात पळायच्या वाटा मातीच्या असतात आणि चेंडू फेकणारा उभा राहतो तो उंचवटाही मातीचा. पाणी पडलं की चिखल, चिखल झाला की खेळ बंद. म्हणून थेंब पडायला लागले की खेळाडू छपराखाली पळतात आणि मैदानकामगार उलटे, पावसात पळतात. लांबलचक रुळावर गुंडाळलेली ताडपत्री उलगडायची, कडेकडेने दोर धरून ओढायची आणि सगळी माती झाकायची. टीव्हीवर तेवढ्यात जाहिराती लागतात, म्हणून हे काम कुणाला दिसत नाही. जे दिसत नाही त्याला किंमत नाही, हे वेगळं सांगायला नको.

ताडपत्रीचा वैरी पाऊस नव्हे, वारा. वारा खाली शिरला की ती पोट फुगवते, आणि मग ती माणसाच्या ताब्यात राहत नाही, माणूस तिच्या ताब्यात जातो. म्हणून या कामाचा एकच कायदा होता आणि तो भोंग्यानेच घालून दिला होता: आपल्या मनाने दोर कुणी सोडायचा नाही. एकाने सोडला तर त्याच्या वाटणीचा सगळा ओढा शेजारच्यावर जातो आणि तो हवेत जातो. सोडायचा तो सगळ्यांनी, एकदम, मुकादमाने "सोडा!" म्हटल्यावर. ओढणारा खाली मान घालून, पाठ वाकवून ओढत असतो. त्याला आभाळ दिसत नाही, शेजारचा दिसत नाही. त्याला फक्त भोंगा ऐकू येतो.

पलीकडचा कोपरा भोंग्याच्या भावोजींकडे होता, म्हणजे ताईच्या नवऱ्याकडे. भोंग्यानेच त्यांना या कामावर लावलं होतं. घरी भावोजी पाटावर आणि हा खाली, पण मैदानात उलटं. भावोजी म्हणायचे, "बाहेर मेहुणा माझ्यापुढे मान खाली घालतो, म्हणून इथे व्याजासकट वसूल करतो." सगळ्या टोळीत त्यांच्यासारखा दोर धरणारा दुसरा नव्हता. धरला की धरला.

मग देशादेशांच्या संघांची ती मोठी स्पर्धा याच मैदानावर आली. मैदानाला रंग लागला, खुर्च्या बदलल्या. कामगारांच्या संडासाला कडी तेवढी लागली नाही, कारण तिथे कॅमेरा जाणार नव्हता. टोळीला मात्र नवे शर्ट मिळाले, पाठीवर देशाचं नाव. भावोजींनी तो शर्ट घरी सगळ्यांना घालून दाखवला, मग काढून घडी करून ठेवला, जसा काही ते स्वतःच चेंडू मारायला उतरणार होते.

पहिल्याच सामन्यात पाऊस आला. भोंग्याने नेहमीप्रमाणे टोळीला हाकललं, आणि हाकलताना नेहमीप्रमाणे आयमाय काढली. पण या वेळी मैदानात जागोजागी माइक लावले होते. जाहिरात लागायला जरा उशीर झाला आणि भोंग्याच्या शिव्या जगभर गेल्या. रात्री जेवताना भावोजी हसून हसून ठसकले. "तुझ्या शिव्या परदेशात जाऊन आल्या रे! आपण अजून इथेच."

दुसऱ्या दिवशी प्रक्षेपणाचा साहेब आला. गुळगुळीत माणूस, आवाज कधी चढवायचा नाही. त्याने भोंग्याच्या हातात एक केशरी झेंडी दिली.

"यापुढे ओरडायचं नाही. झेंडी खाली, ओढा. झेंडी वर, सोडा."

"साहेब, माणसं मान खाली घालून ओढतात. झेंडी बघणार कोण?"

"बघायची सवय लावा. देशाची अब्रू आहे, मुकादम."

भोंग्याने तिथेच झेंडी परत करायला हवी होती. केली नाही. एक तर तो कंत्राटावर होता. आणि दुसरं, जे त्याने पुढे फक्त ताईजवळ कबूल केलं, त्याला जरा चढलंही होतं. इस्त्रीचा शर्ट, हातात झेंडी, जगासमोर ताठ उभं राहायचं. जन्मभर ज्याला "हळू बोल" म्हणून गप्प केलं, त्याला न बोलता मुकादमी करायला मिळत होती. सकाळच्या पडल्या वाऱ्यात त्यांनी एकदा सराव केला. सगळे मान वर करून झेंडीकडे बघत होते आणि सगळं झकास झालं.

उपांत्य सामन्याला दुपारीच अंधारून आलं. आपला संघ पुढे होता, गॅलऱ्या गच्च होत्या. पंचांनी खेळ थांबवला आणि टोळी धावली. अर्धी माती झाकून झाली असेल, तोच वारा फिरला. ताडपत्रीच्या मधोमध फुगा आला. भोंग्याने झेंडी वर केली.

कुणीही बघितलं नाही. सगळ्यांच्या माना खाली, डोळ्यांत पावसाचं पाणी.

त्याने तोंड उघडलं, आणि समोरच्या काठीवरचा माइक त्याला दिसला. एका श्वासाचा अर्धा भाग, तेवढाच तो अडखळला. मग ओरडला, जन्मात ओरडला नव्हता तसा, पण तोवर ताडपत्री भिंतीसारखी उभी राहिली होती. भावोजींच्या शेजारच्या लांब्याच्या हातून दोर निसटला, त्याच्या पुढच्याच्याही निसटला. भावोजींनी धरून ठेवला होता. ताडपत्रीने त्यांना उचललं आणि खेळाडूंच्या बाकांपुढच्या सिमेंटच्या कठड्यावर टाकलं.

टीव्हीवर तेव्हा कुठे थंड पेयाची जाहिरात लागली. पाऊस थांबल्यावर सामना पुन्हा सुरू झाला आणि आपण जिंकलो.

भावोजींचा मणका मोडला होता. कमरेखाली काही नाही, डॉक्टरांनी ताईला उभ्याउभ्याच सांगितलं. भोंगा वॉर्डात गेला तेव्हा भावोजी छताकडे बघत होते. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "तुझा आवाज आला नाही, म्हणून धरून होतो."

बेसबॉल संघटनेने चौकशी लावली. चौकशीच्या आदल्या दिवशी तो गुळगुळीत साहेब स्वतः दवाखान्यात आला आणि भोंग्याला जिन्यात घेऊन गेला. त्याचं म्हणणं सरळ होतं. मुकादमाने झेंडी वेळेवर दाखवली, बाकीच्यांनी बघून दोर सोडला, फक्त भावोजींनी बघितलं नाही. असं भोंग्याने सांगितलं की त्याची नोकरी कायम, आणि ताईलाही मैदानाच्या धुलाईखान्यात काम. फक्त चूक भावोजींची ठरली की त्यांच्या उपचारांशी संघटनेचा संबंध राहणार नव्हता.

भोंग्याने ते जसंच्या तसं खाटेजवळ येऊन सांगितलं.

"सांगून टाक," भावोजी म्हणाले. "माझे पाय काही खऱ्यानं परत येत नाहीत. दोन घरांत एक तरी कमावता राहू दे."

"तोंड सांभाळा!" ताई कडाडली. "म्हणजे लोकांनी म्हणायचं, आंधळा होता, आपल्या चुकीनं पडला?" ती भोंग्याकडे वळली. "अरे, मी टीव्ही बघत होते. कान लावून बसले होते, भावाची हाक येईल म्हणून. ताडपत्री उठेस्तोवर तुझा चकार शब्द नव्हता. मला काय शिकवतोस झेंडी!"

"ताई, मी खरं बोललो तर माझ्यावरच येईल."

"येऊ दे की मग. तुझ्यावर थोडं यायलाच पाहिजे."

त्या रात्री त्याला झोप लागली असेल असं वाटत नाही.

चौकशी गॅलरीच्या वरच्या काचेच्या खोलीत झाली. तीन कोटवाले, तो साहेब, आणि साक्षीला लांब्या, कारण तो भावोजींच्या शेजारी दोर धरून होता. भोंग्याला विचारलं, झेंडी दाखवली का?

"दाखवली. कुणी बघितली नाही. बघता येतच नाही. हे मी झेंडी देताना सांगितलं होतं, आणि यांनी मला ओरडू नको म्हणून सांगितलं."

साहेब हसला. "मी शिव्या देऊ नका म्हटलं होतं. माणसाचा जीव धोक्यात असताना ओरडू नका, असं कोण सांगेल?"

"लांब्याला विचारा. त्याने बघून सोडला की हातून सुटला?"

लांब्या सहा फुटांचा गडी, पण खुर्चीत असा बसला होता की टेबलाच्या वर फक्त डोकं दिसावं. त्याने भोंग्याकडे एकदा बघितलं आणि मग जमिनीकडे.

"मला नीट आठवत नाही, साहेब."

झालं. कोटवाल्यांनी डोक्याला डोकं लावलं. निकाल असा: कामगाराचं झेंडीकडे दुर्लक्ष आणि मुकादमाचा हलगर्जीपणा. दोघांवर खापर फोडून मंडळी चहाला गेली. झेंडी कुणी आणली, माइक कुणाचा, हे निकालात नव्हतं. भोंग्याचं काम त्याच दिवशी गेलं. तो खरं बोलला आणि त्याच्या खरेपणातला फक्त त्याचा दोष तेवढा त्यांनी उचलून घेतला. असल्या खोल्यांमधून खरं असंच सोलून बाहेर येतं, ज्यांना अनुभव आहे त्यांनी मान डोलवावी.

तो दवाखान्यात आला. ताईने त्याच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं. भावोजींनी तोंड भिंतीकडे वळवलं. "म्हटलं होतं तुला," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी वॉर्डाच्या दारात लांब्या येऊन उभा राहिला. ताई उठलीच. "कशाला आलास? आठवलं का काही?"

"मला मुकादम केलंय," लांब्या म्हणाला. त्याचा आवाज मुळातच बारीक, तो आणखी बारीक झाला. "उद्या फायनल. वारा सांगितलाय. मला कळत नाही रे भोंग्या, कधी सोडा म्हणायचं ते."

"उडा म्हणावं सगळे!" ताई म्हणाली. "आमचा माणूस उडाला, तुमचेही उडू देत."

भोंग्याच्या डोळ्यांसमोर टोळीतले एकेक चेहरे येत असणार. लांब्या सोडला तर त्यांच्यातलं कुणीही चौकशीला आलं नव्हतं. तरी तो उठून लांब्याला व्हरांड्यात घेऊन गेला.

"फुगा यायची वाट बघू नकोस, फुगा आला म्हणजे उशीर झाला. वाऱ्याकडची कड बघत राहा. ती फडफडायची थांबून ताठ झाली की लगेच. आणि झेंडी खिशात घाल."

"ते म्हणतात..."

"ते काय म्हणतात ते मला सांगतोस?" भोंगा गुरकावला. "ओरडून दाखव."

लांब्याने इकडेतिकडे बघितलं आणि "सोडा" म्हणाला. व्हरांड्यातल्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानेही कूस बदलली नाही.

"पुन्हा."

त्याने पुन्हा म्हटलं. घशाच्या शिरा ताणल्या, पण आवाज दारापर्यंत पोचून तिथेच पडला. मैदानाच्या पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत तो जाणार नव्हता, हे दोघांनाही कळलं.

"माणसं जवळजवळ लाव," भोंगा शेवटी म्हणाला. "लांबच्या कोपऱ्याला कुणाला ठेवू नकोस. माती भिजली तर भिजू दे."

"माती भिजली तर मला काढतील."

"काढतील," भोंगा म्हणाला.

लांब्या मान हलवून निघून गेला. तो कोपरा रिकामा ठेवेल की नाही, ते त्याच्या चेहऱ्यावरून समजत नव्हतं. भोंगा आत आला. भावोजींना कुशीवर वळवायची वेळ झाली होती. ताईने खांदे धरले, त्याने पाय. ती त्याच्याशी एक शब्दही बोलली नाही.