आईनं सांगितलेला पगार

आईला न नेता भागलं असतं तर मी तिला नेलंच नसतं. पण रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून तिचं नाव, आणि त्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात गरिबांच्या कोट्यातली खाट हवी तर कुटुंबप्रमुखानंच समोर बसून सांगायचं, असा तिथला शिरस्ता. बाबांच्या हृदयाची झडप बदलायची होती. कोट्यात बसलो तर ऑपरेशन, नाही बसलो तर नाही. इतकं सरळ होतं.

समाजसेवा विभागातल्या मॅडम शांत होत्या. कार्डावर ज्यांची नावं, त्या सगळ्यांची वर्षाची कमाई एकत्र धरायची आणि ती मर्यादेच्या आत हवी, असं त्यांनी समजावलं. मी लग्न होऊन मुलुंडला गेलेली, माझं नाव सासरच्या कार्डावर, म्हणजे मी हिशोबात नाही. बाबांचं काम सुटलेलं. उरला घाटकोपरच्या घरातला, आता माझ्या शेजारी बसलेला धाकटा भाऊ, आणि त्याचा पगार मर्यादेत बसत होता.

"मुलगा काय करतो, आजी?"

आई भावासाठी मुली बघत होती. आमच्यात स्थळ आलं की मुलाचा पगार फुगवूनच सांगतात, समोरचेही तो निम्मा धरूनच चालतात. आईच्या जिभेला तीच सवय लागलेली.

"माझो झील बीकेसीत आसा," ती पदर सावरून म्हणाली. "मोठ्या हापिसात सायेब! पगार बक्कळ!"

झालं, वाट लागली! मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मग तुम्ही बसत नाही, आजी."

भाऊ बीकेसीत होता हे खरं, पण कंत्राटदाराकडून सफाईला. मला माहीत होतं, आईला नाही. रोज इस्त्रीचा शर्ट घालून निघायचा आणि तिथे जाऊन युनिफॉर्म चढवायचा. पगाराचा दाखला त्याच्या खिशात होता. आईची नजर चुकवून तो मॅडमना द्यायचा, असं आम्ही ठरवलेलं.

मी त्याच्याकडे बघितलं. बोल ना रे! तो बूट बघत बसलेला. खरं सांगावं तर आईची मान खाली, गप्प बसावं तर बाबा हातचे जाणार. मला सगळ्यांचाच संताप आला, आईचा, त्याचा, त्या मर्यादेचा. आपण पुरेसे गरीब आहोत हे पटवायला माणसानं किती नागडं व्हायचं?

शेवटी त्यानं दाखला टेबलावर ठेवला. "आई, मी साहेब नाही गं. सफाईला आहे."

आईनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मॅडमनी दाखला वाचला. "आजी, तुम्ही वेगळं सांगितलंत. आता खरं काय ते तुमच्याच तोंडून यायला हवं, तरच मला लिहिता येईल."

दाराबाहेर बाबा व्हीलचेअरवर होते, त्यांची धाप आतपर्यंत ऐकू येत होती. मी म्हटलं, "आई, बोल गं."

"तू गप रव!" ती माझ्यावर खेकसली. भाऊ उठला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग आईनं मॅडमकडे सरळ बघितलं.

"लिवा. झाडू मारता. लोकांचे संडास धुता. आता ह्यांका आत घेवा."