काकींचा किलो

मसालेवाल्या काकींचा किलो कधी किलोचा नसायचा. काटा बरोबर किलोवर आला की त्या थांबायच्या, त्याच्याकडे संशयाने बघायच्या आणि पिंपातून भरगच्च मूठ उचलून पिशवीत टाकायच्या. मूठही काही नाजूक नव्हती. जन्मभर भात लावलेला हात तो. "मूठ टाकल्याबिगर मना दिल्यासारका वाटत नाय," म्हणायच्या.

मांजर्लीत आमच्या सोसायटीच्या मागेच त्यांचं घर. जुनं आगरी कुटुंब. जमीन गेली, मसाला राहिला. दर उन्हाळ्यात त्यांच्या अंगणात मिरच्या वाळायच्या आणि आमची अख्खी सोसायटी शिंकायची. त्या मसाल्याचं ऑनलाइन दुकान काढून द्यायची दुर्बुद्धी माझी. मी अंबरनाथला एका कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते, म्हणून फोटो, पत्ते, पार्सलं सगळं माझ्याच गळ्यात आलं. पहिल्या वर्षी ऑर्डरी बऱ्या आल्या. दुसऱ्या वर्षी काकींनी सुनेचं न ऐकता दुप्पट मिरची घेतली आणि गाठीला होतं नव्हतं ते त्या मिरचीत घातलं.

ज्या कंपनीच्या साइटवर दुकान होतं, तिला आम्ही कळवलेलं वजन एक किलो. त्यांच्या गोदामात पार्सल पुन्हा तोलायचे, तिथे काकींची मूठ उघडी पडायची. मग कुरिअरचा वाढीव दर, वर दंड आणि मला धमकीवजा ईमेल. मी तरातरा मागच्या घरी जायचे. "काकी, मूठ टाकू नका." "बरं बाय." दुसऱ्या दिवशी मूठ आहेच! शेवटी मी म्हटलं, "मग मी वजनच वाढवून लिहिते. तुमची मूठ किती ग्रॅमची ते तरी सांगा." त्या मनापासून हसल्या. "जशी येल तशी. मूठ कोन मोजतं?" पालथ्या घड्यावर पाणी!

पार्सल बंद करताना व्हिडिओ काढा, म्हणून मी कानीकपाळी ओरडत होते. तर म्हणे, "देताना फोटू काढतात ते पुढारी."

आणि व्हायचं तेच झालं. एक पार्सल परत आलं. मसाला खराब असल्याची तक्रार होती, आणि त्या गिऱ्हाइकाला त्याचे पैसे मिळूनही गेले होते. उघडून बघतो तर आत विटेची भुकटी! मी त्या अनोळखी माणसाचा उद्धार करत होते. काकींनी पिशवी काट्यावर ठेवली. काटा किलोवर थांबला. "बग," त्या म्हणाल्या, "यो माझा नाय. बरोबर किलो हाय."

मी कंपनीच्या चॅटवर तावातावाने लिहिलं. पलीकडे दर वेळी नवं नाव आणि उत्तर तेच: आपल्या भावना आम्ही समजू शकतो. भावना समजत होत्या, वीट समजत नव्हती! व्हिडिओ नाही, कळवलेलं वजन एक किलो, परत आलेलं एक किलो, तक्रार बंद. मग मी, शहाणी, लिहून बसले की आम्ही नेहमी किलोपेक्षा जास्तच भरतो, म्हणून हे पार्सल आमचं असूच शकत नाही. त्यांनी ती वजन खोटं कळवल्याची कबुली धरली आणि दुकानच बंद केलं. चोर मोकळा आणि झुकतं माप देणारी गुन्हेगार! पिंपं गळ्यापर्यंत भरलेली होती आणि पावसाळा तोंडावर आला होता.

काकींना हे सांगताना मला रडू फुटलं. त्या मात्र म्हणाल्या, "रडतंस कशाला? आपल्या पिंपात मसालाच हाय ना? वीट तर नाय?" दुसऱ्या दिवसापासून त्या पिशव्या घेऊन बाजारात बसल्या. मी अंबरनाथला ऑफिसात पिशव्या वाहून नेल्या. एकदा बाजारात बघते तर मूठ चालूच. मी चिडले, "अहो, आता तरी हात आवरा, तोट्यात आहात!" "तोटा माझा," त्या म्हणाल्या, "गिऱ्हाइकानं काय केलाय?" गणपतीपर्यंत पिंपं रिकामी झाली. मिरचीचे पैसेही पुरते निघाले नाहीत. माझ्यावर त्यांनी एका शब्दानेही राग काढला नाही, याचाच मला जास्त त्रास झाला.

मागच्या हिवाळ्यात काकी गेल्या. आता सुनेने स्वतःच्या नावाने ऑनलाइन दुकान काढलं आहे. पोरगी हुशार आहे. प्रत्येक पार्सलचा व्हिडिओ काढते, कळवते तेवढंच भरते. मीच शिकवलंय तिला.

परवा तिच्याकडून किलोभर मसाला आणला आणि सहज घरच्या काट्यावर ठेवला. बरोबर किलो भरला. मला इतका राग आला! सुनेचा नाही, तिचं काय चुकलं? रंग तोच, वास तोच. तरी पिशवी बरणीत रिकामी करताना तोंडातून निघूनच गेलं, "यो काकींचा नाय."