चुलत्यांचा टॉवेल

आमच्या धाकट्या चुलत्यांच्या चेहऱ्यावरून आजवर कुणालाही काहीही कळलेलं नाही. घोडेगावच्या बाजारात ते म्हशींचे व्यवहार करतात. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. खांद्यावरचा टॉवेल दोघांच्या हातांवर टाकायचा आणि खाली बोटं दाबून सौदा ठरवायचा. समोरच्याने निम्माच भाव दिला तरी चुलत्यांची पापणी हलत नाही. बाजारात ठीक आहे हो, पण हा गृहस्थ घरीही तसाच! चुलती लग्न झाल्यापासून विचारतेय, भाजी कशी झालीय, आणि अजून बिचारीला पत्ता नाही. एकदा नगरला दाढ काढायला गेले, तर दाढ हातात आल्यावर डॉक्टरच्या लक्षात आलं की भुलीचं इंजेक्शन द्यायचंच राहिलंय.

मी व्यावसायिक बॉक्सर व्हायचं ठरवलं तेव्हा घरात रडारड झाली. चुलते तेवढे म्हणाले, "ठोसा कसा मारायचा ते तुझा कोच शिकवंल. खाल्ल्यावर तोंड कसं ठिवायचं, ते माझ्याकडं शिक." मग बाजाराच्या दिवशी मला शेणात उभं करून टॉवेलाखाली माझी बोटं पिरगाळायचे आणि वरून चेहरा निरखत राहायचे. "कुठं लागलं हे समोरच्याला कळलं, की त्यो तिथंच हाणतो, लेका!" कोचने घसा फोडून जे जमलं नव्हतं, ते या माणसाने जमवलं.

माझी पहिली व्यावसायिक लढत पुण्यात होती. चुलते रिंगबाहेर माझ्या कोपऱ्यात, कोचच्या मदतीला. आदल्या दिवशी मी त्यांना सगळे नियम सांगितले होते. कोपऱ्यातून टॉवेल आत पडला की आपण हार मानली, हा तर त्यांनी दोनदा विचारून घेतला होता. चौथ्या फेरीत माझ्या डाव्या डोळ्यावर ठोसा बसला आणि त्या डोळ्याने दिसेचना. मी चेहरा असा ठेवला की पंचाला, कोचला, कुणालाच शंका आली नाही. चुलत्यांना आली. तो चेहरा त्यांनीच तर शिकवला होता. टॉवेल माझ्या पायाशी येऊन पडला आणि मी हरलो.

असा संतापलो म्हणता! पण दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आणखी एक ठोसा बसता तर डोळा गेला होता.

आमच्या गावी, तिसगावला एसटीतून उतरलो, तर चहाच्या टपरीवर मंडळी वाटच बघत होती. "काय रे, भ्यालास व्हय?" मी तोंड उघडायच्या आत चुलते म्हणाले, "त्यो कशाला भितोय! म्या अडाण्यानं घोळ केला. घाम पुसायला टॉवेल टाकला, मला काय ठाव त्यांचं कायदं?" टपरी खो खो हसली. अजूनही लग्नाकार्यात लोक त्यांना ओरडतात, "टॉवेल सांभाळा!"

मी पुढे बऱ्याच लढती जिंकलो, दोन्ही डोळ्यांनी बघत. एका दिवाळीला न राहवून त्यांचे पाय धरले. म्हटलं, "तुमच्यामुळं डोळा हाय माझा. लोकांना खरं सांगू द्या की!"

"मला हसत्यात तर हसू दे," ते म्हणाले. "तुला भित्रा म्हनले, तर पुढच्या टायमाला तू थांबायच्या वक्ताला थांबायचा न्हाईस."

असं माणूस माझ्या पाठीशी होतं, हे उपकार कसे फेडायचे? गेल्या महिन्यात मी लढणं थांबवलं, वेळेवर. चुलतेही आता थकलेत. निदान गावाला तरी खरं कळू दे.