सुमनचं भागून बघणं

“मावशी, आई गेली...” सुमनच्या मुलाचा, मिलिंदचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. “बरं,” एवढंच म्हणाले आणि उरलेली जुडीही निवडून टाकली. रडू आलं ते संध्याकाळी, गंगापूर रोडवर तिच्या घराच्या वळणाशी रिक्षा थांबली तेव्हा.

सुमन गणिताची, मी मराठीची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नाशिकच्या एका मुलींच्या शाळेत आम्ही शेजारी बसू लागलो आणि निवृत्तीनंतरही तो शेजार सुटला नाही. गणिताशी माझा उभा दावा, म्हणून तिचे प्रयोग माझ्यावरच चालत. सिटी बसचं तिकीट हातात आलं की त्यावरचे शेवटचे दोन आकडे माझ्यापुढे धरायची. “सांग, मूळ की संयुक्त?” मी आपली ठोकून द्यायचे. ती चिडायची. “तोंड बघून काय ठरवतेस? भागून बघ ना. दोनने, तीनने, पाचने, सातने. शंभराच्या आत एवढं पुरतं. कशानेच भाग गेला नाही की मग खुशाल मूळ म्हण.” एकदा प्रजासत्ताक दिनाच्या कवायतीला सत्त्याण्णव मुली झाल्या. सारख्या रांगा जमेनात, तेव्हा कवायतीच्या सरांनी इगतपुरीहून रोज गाडीने येणारी एक मुलगी बाजूला काढली. सुमन तरातरा मैदानात गेली. “सर, सत्त्याण्णवला भाग जात नाही, यात तिचा काय दोष? काढता कशाला, तीन वाढवा. दहा-दहाच्या दहा रांगा होतील.” ती मुलगी रांगेत परत आली.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी सुमनला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, चेहरा कोरा झाला. येणारा प्रत्येक जण मोठ्याने एकच विचारायचा, “ओळखलंत का?” ती नजर फिरवायची. मग तिच्यादेखतच म्हणायचा, “काही कळत नाही हो त्यांना.” मला संताप यायचा. मिलिंदने तिला पुण्याच्या एका शुश्रूषागृहात न्यायचं ठरवलं. पोरगं वाईट नव्हतं, थकलं होतं. “आपण कुठे आहोत हेच तिला कळत नाही, मावशी. मग नाशिक काय आणि पुणे काय...”

मला ते पटेना. मी तिचा डावा हात हातात घेतला. “सुमन, मूळ असेल तर हात दाब. तेवीस.” तिने दाबला. “चोवीस.” काही नाही. “एकोणतीस.” पुन्हा दाबला.

“आपोआप होतं तसं,” मिलिंद म्हणाला.

“मग तू विचार.”

त्याने तिचा हात धरला. “आई, एक्कावन्न.” हात हलला नाही. आम्ही दोघंही ती संख्या मूळच धरून बसलो होतो. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि माझाही धीर सुटला. इतक्यात तिचं बोट त्याच्या तळहातावर टेकलं. एकदा... दोनदा... तीनदा. मग थांबलं. मिलिंद पुटपुटला, “सतरा त्रिक एक्कावन्न...” आणि एवढा मोठा इंजिनिअर झालेला माणूस तिच्या उशीवर डोकं टेकून हुंदके देऊ लागला.

बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, “आई, पुण्याला येशील?” हात हलला नाही. “इथेच राहायचंय?” तिने हात दाबला आणि सोडलाच नाही.

ती इथेच राहिली. तिचं सगळं करायला हरसूलची कमल आली. त्यानंतर त्या घरात सुमनच्या हाताला विचारल्याशिवाय काही झालं नाही. चहा हवा का, पंखा लावू का, पाहुण्यांना आत सोडू का. एक-दोघांना तिने चक्क नकार दिला, याचं मला फार समाधान आहे.

परवा तिच्या घरी गेले होते. कमल खोली आवरून गावी निघाली होती. पडदे फडफडायला लागले. “लय वारा सुटला,” ती म्हणाली. पण खिडकीकडे गेली नाही. रिकाम्या पलंगापाशी वाकली, हात पुढे केला आणि विचारलं, “बाई, खिडकी लावू का?”

हात तसाच राहिला. खिडकी उघडीच ठेवून आम्ही दोघी बाहेर आलो.